स्काला घराण्यातली शिडी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी शिडी आहे, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. शिडीला मान खाली घालायची सवयच नसते. आमचं तोंड कायम वर.

नेदरलँड्समधल्या उइटहॉर्न गावात, सुनीतीच्या घरामागच्या शेडमध्ये मी राहते. शेजारी गवत कापायचं यंत्र आहे, सायकली आहेत, एक जुनी बाबागाडी आहे. सगळी चाकांवरची मंडळी, आडवी धावणारी. वर जाणारी त्यांच्यात एकटी मीच. आता ही माझी बढाई वाटली तर वाटू द्या. पुढे काय झालं ते ऐकलंत की तुम्हीच म्हणाल, बाईला मिजास शोभते.

माझी मायबोली डच. पण मराठी मी सुनीतीकडून शिकले. घरात नवऱ्याच्या ऑनलाइन मीटिंगा चाललेल्या असल्या की ती शेडमध्ये येऊन धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत बसायची. एवढं ऐकल्यावर लाकडालाही कंठ फुटेल. मला फुटला. सुनीतीच्या मुलीला, आर्याला, मराठी सगळी समजते, पण उत्तर येतं डचमध्ये नाहीतर इंग्रजीत. तेव्हा या घरात माझी मराठी तिच्यापेक्षा बरी, हे आपलं जाता जाता सांगून ठेवते.

माझा जन्म बेतुवेतला. दोन मोठ्या नद्यांच्या मधला तो फळबागांचा मुलूख. एका म्हाताऱ्या सुताराने चिवट आणि हलकं लाकूड निवडून मला घडवलं. खाली रुंद आणि वर निमुळती, म्हणजे फांद्यांच्या गर्दीत मला अलगद डोकं घालता यावं. त्या काळी चेरीची झाडं घरापेक्षा उंच असत, आणि सगळ्यात गोड चेरी शेंड्याला. पक्ष्यांच्या आधी तिथे कोण पोचायचं? मी. बागेचा मालक पाहुण्यांना सांगायचा, "या शिडीवर माझी म्हातारी आईसुद्धा बिनघोर चढेल." एकदा आजीबाई खरंच चढल्या, आणि पोटभर चेरी खाऊनच उतरल्या. असे माझे दिवस होते.

मग लोकांनी झाडंच बुटकी लावायला सुरुवात केली. हात वर केला की फळ हातात. मला कोणी मोडलं नाही, हाकलून दिलं नाही. नुसतं विचारेनासे झाले. मित्रांनो, याचं दुःख फार असतं. गोठ्यामागे मी आडवी पडले आणि माझ्या पायऱ्यांमधून खाजकुइली वर आली. बरीच वर्षं माझ्यावर फक्त गोगलगायी चढल्या.

शेवटी मालकाच्या नातीने मला उइटहॉर्नला आणलं, विकायला. इथे राजाच्या वाढदिवसाला ज्याला वाटेल तो रस्त्यावर चादर पसरतो आणि घरातलं जुनंपानं विकायला मांडतो. मीही उभी होते, एका भिंतीला टेकून. लोक येत, बघत, पुढे जात. तेवढ्यात सुनीती थांबली. ती तेव्हा या देशात नवी होती. नवऱ्याच्या, प्रतीकच्या, नोकरीपायी आलेली. आता ती गावच्या ग्रंथालयात काम करते आणि डच लोकांना पुस्तकं शोधून देते, पण तेव्हा तिला दुकानात दही मागतानाही घाम फुटायचा.

"अगं, ही मोडकी कशाला?" प्रतीक म्हणाला. "अ‍ॅल्युमिनियमची घेऊ ना. फोल्डिंगची."

"मोडकी? हात लावून बघ जरा."

"आणि ठेवायची कुठे?"

"तुझ्या त्या व्यायामाच्या सायकलीशेजारी. ती तरी कुठे हलतेय!"

प्रतीकने पाकीट काढलं. मला बाई तिथेच आवडली.

मी तिला हवी होते ती गुढीसाठी. इथे बहुतेक घरांच्या दर्शनी भिंतीवर, दाराच्या बरंच वर, झेंड्याची काठी खोचायला एक तिरकी लोखंडी खोबण असते. सुनीतीने पहिल्याच पाडव्याला ती हेरून ठेवली होती, पण हात पोचत नव्हता. मी आले आणि पोचला. तेव्हापासून दर पाडव्याला मला बाहेर काढतात, पुसतात, आणि माझ्या सगळ्यात वरच्या पायरीच्या जोरावर या घराची गुढी उभी राहते. उभी म्हणजे काय, तिरकीच. रस्त्यावर कोण आलं कोण गेलं ते वाकून बघत असल्यासारखी. पण रेशमी खण, साखरेची गाठी, कडुलिंबाचा डहाळा आणि वर पालथा तांब्या, सगळं जिथल्या तिथे.

त्या खोबणीचा आणखी एक मान आहे. इथे जूनमध्ये शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागतो. ज्या घरातलं मूल पास होतं, ते घर झेंडा लावतं आणि काठीच्या टोकाला मुलाचं दप्तर टांगतं. मग रस्त्याने जाणारा कोणीही म्हणतो, वा, या घरी कोणीतरी सुटलं! मला हा रिवाज फार आवडतो. दप्तर उंच टांगायचं म्हणजे शिडी आलीच.

गेल्या वर्षी आर्याची ती परीक्षा होती. सुनीतीने मला आदल्या दिवशी धुऊन ठेवलं होतं. निकालाच्या दिवशी समोरच्या घरावर दप्तर चढलं, कोपऱ्यावरच्या घरावर चढलं, आणि मी शेडमध्ये ताटकळत राहिले. संध्याकाळी दार उघडलं. आर्या आत आली, एकटी. हातातलं निळं दप्तर तिने भिरकावून दिलं आणि ते नेमकं माझ्या वरच्या पायरीच्या टोकाला अडकलं. ती नापास झाली होती. पूर्ण वर्ष पुन्हा. नवं वर्ष तिने दुसरी पिशवी घेऊन काढलं आणि ते दप्तर कोणी घरात नेलं नाही. वर्षभर ते माझ्या गळ्यात होतं; मला बाहेर न्यायचं झालं की तेवढ्यापुरतं शेडमध्ये काढून ठेवत आणि मी परतले की पुन्हा माझ्यावर अडकवत. शिडी आहे, ओझ्याची मला सवय आहे, पण रिकामं दप्तर इतकं जड असतं हे मला माहीत नव्हतं.

यंदा पाडव्याच्या आधी आजोबा आले. दिनकर त्यांचं नाव, सुनीतीचे वडील. मिरजेला कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून सुनीतीने दारातच ताकीद दिली, "बाबा, शिडीकडे बघायचं नाही." आजोबा दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये आले आणि माझ्याकडे बघत बसले. मग कुठूनसं जवसाचं तेल मिळवून त्यांनी माझी पायरी न् पायरी चोळून काढली. नुसतं बघायची बंदी होती, तेल लावायची नव्हती.

पाडव्याला सुनीती चढली, आजोबांनी मला खालून धरलं, गुढी लागली. आणि शेजारच्या ट्रूसकाकू बाहेर आल्या. ट्रूसकाकू हळव्या बाई. या रस्त्यावर नुकत्याच राहायला आलेल्या. त्यांनी काठी पाहिली, काठीवरचं लटकतं कापड पाहिलं, टोकाचं भांडं पाहिलं, आणि दोन्ही हात पसरून त्या दारात उभ्या असलेल्या आर्याकडे धावल्या.

"अभिनंदन, पोरी! पास झालीस!"

त्यांना वाटलं, परदेशी लोक दप्तराऐवजी तांब्या टांगत असतील. त्यांची काय चूक? पण मार्च महिन्यात, अजून परीक्षाही झालेली नसताना, सगळ्या रस्त्यासमोर ते शब्द आर्याच्या वर्मी बसले. ती घरात पळाली, आणि सुनीतीने मला शेडमध्ये परत ठेवून पाठ फिरवताच मागच्या दाराने तिथे आली, माझ्या खालच्या पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. वर तिचंच दप्तर लोंबत होतं.

थोड्या वेळाने दारावर टकटक झाली. "येऊ का गं?"

"नेय," आर्या म्हणाली. म्हणजे नाही. आजोबांना डच येत नाही. निदान त्यांनी तसं दाखवलं आणि ते आत आले.

मग ती इंग्रजीत सांगत गेली आणि आजोबा मराठीत विचारत गेले. बाकी विषयांत ती ठीक होती. घात केला तत्त्वज्ञानाच्या तोंडी परीक्षेने. 'ट्रान्सेन्डेन्स म्हणजे काय?' असं विचारलं आणि तिची वाचाच बसली. व्याख्या पाठ होती: अनुभवाच्या पलीकडे असणं. पण म्हणजे काय ते तिला आतून कळलंच नव्हतं, म्हणून तोंडातून शब्द फुटेना. यंदाही तोंडी परीक्षा होती. बाईंनी सांगितलं होतं, एक शब्द तू निवड, वस्तू आणायची तर आण, पण समजावून दे. आर्याने सोपासा शब्द शोधून ठेवला होता.

"तोच घे," आजोबा म्हणाले.

"आजोबा, नो! आर यू मॅड?"

"घोडं जिथे अडलं तिथूनच पुढे न्यायचं असतं. बरं, तू लॅटिन शिकतेस ना? फोड कर बघू शब्दाची."

आर्याने नाक पुसलं. ट्रान्स म्हणजे पलीकडे, तिने सांगितलं. स्कान्देरे म्हणजे चढणं. दोन्ही मिळून, चढून पलीकडे जाणं. रोमन सैनिक खंदक ओलांडायचे, डोंगर ओलांडायचे, त्याला हाच शब्द वापरायचे. तत्त्वज्ञ आणि धर्मपंडित नंतर आले आणि त्यांनी तो शब्द उचलून माणसाच्या बुद्धीपलीकडच्या गोष्टींना लावला.

"अस्सं! म्हणजे शब्द आधी चिखलात चालला आणि मग आकाशात गेला," आजोबा खूश झाले. "आणि हे स्कान्देरे आमच्याकडेही आहे बरं का. संस्कृतात स्कन्द् धातू आहे. झेप घेणं, उडी मारणं. भाषांचे अभ्यासक म्हणतात, दोघे एकाच कुळातले."

"वेट," आर्या म्हणाली. ती उठून उभी राहिली. "स्कान्देरेपासून आणखी एक शब्द आहे. स्काला. स्काला मीन्स..." आणि ती माझ्याकडे बघायला लागली. आजोबाही बघायला लागले.

"शिडी?" आजोबांनी विचारलं.

"यस. अ लॅडर," आर्या म्हणाली.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या अंगावरून जे काही गेलं ते मी काय सांगू! आयुष्यभर मी स्वतःला चेरीच्या बागेतली शिडी समजत होते. आणि माझं घराणं निघालं हे! पंडितांच्या ग्रंथांत मिरवणारा तो भारदस्त शब्द माझा सख्खा भाऊबंद. गवत कापायच्या यंत्राकडे मी त्या दिवसापासून ढुंकून पाहिलेलं नाही.

पण आर्याचं समाधान झालं नव्हतं. चढून पलीकडे जायचं हे ठीक, पण जाऊन काय करायचं, तिने विचारलं. तेव्हा आजोबांनी तिला सीमोल्लंघन सांगितलं. दसऱ्याला गावातली माणसं गावाची शीव ओलांडून पलीकडे जातात. वर्षभर ज्या हद्दीत जगलो ती मुद्दाम ओलांडायची. मग तिथेच राहतात का, आर्याने विचारलं. आजोबा हसले. "छे गं! आपट्याची पानं घेऊन परत येतात आणि सोनं म्हणून घरोघरी वाटतात. आधी घरातल्या म्हाताऱ्यांना."

आर्याने माझ्या एका पायरीवर हात ठेवला आणि विचारलं, "कॅन आय टेक हर टु स्कूल?"

मला 'हर' म्हणाली! 'इट' नाही.

परीक्षेच्या दिवशी ट्रूसकाकूंनी आपली बाकफीत्स दिली. बाकफीत्स म्हणजे पुढे मोठी लाकडी पेटी असलेली सायकल. पोरं, किराणा, कुत्री, सगळं त्यातून जातं. गुढी म्हणजे आमचं नवं वर्ष, हे सुनीतीने सांगितल्यापासून झाल्या प्रकाराचं काकूंना फार वाईट वाटत होतं. मी पेटीत तिरकी बसले आणि माझं शेपूट मागे चांगलं लांब बाहेर आलं. आजोबांनी त्याला लाल फडकं बांधलं आणि गुडघा सांभाळत शाळेपर्यंत मागून चालत आले. राजाच्या मिरवणुकीतही मी इतकी खूश झाले नसते. एका माणसाने सायकल थांबवून विचारलं, "शिडी घेऊन कुठे?" आर्या म्हणाली, "तत्त्वज्ञानाला."

वर्गात दोन शिक्षिका होत्या. आर्याने मला एका उंच कपाटाला टेकवलं. ट्रान्स, स्कान्देरे, स्काला, खंदक, डोंगर, सगळं तिने नीट सांगितलं, सीमोल्लंघनसुद्धा. मग एक बाई म्हणाल्या, "हे शब्दाचं झालं. पण ट्रान्सेन्डेन्स म्हणजे काय?"

तोच प्रश्न. आर्या थांबली. तिने माझा उभा वासा पकडला. मी तेव्हा काय करू शकत होते? स्थिर उभी राहू शकत होते. राहिले.

आणि आर्या चढायला लागली. एक पायरी, दुसरी, वरपर्यंत. कपाटाच्या माथ्यावर तिने पाहिलं आणि ती हसली. "इथे एक फुटबॉल आहे," ती म्हणाली. "धुळीत माखलेला. तुम्ही रोज या खोलीत येता, पण खालून तो तुम्हाला दिसत नाही. तरी तो इथे आहे."

"म्हणजे शिडी आणली की झालं?" दुसऱ्या बाईंनी पेचात पकडलं.

आर्याने वर छताकडे पाहिलं, मग माझ्या शेवटच्या पायरीकडे. "नाही," ती सावकाश म्हणाली. "शिडी पोचली तर ते नुसतं उंच. ज्याच्यापर्यंत कुठलीच शिडी पोचत नाही, ते पलीकडचं. पण शेवटच्या पायरीवर उभं राहिल्याशिवाय, शिडी इथे संपते हे कळत नाही."

खरं सांगू? मला ते टोचलं. एवढी नाचवत आणलीत आणि चारचौघांत म्हणता, ही पोचत नाही! पण घरी येईपर्यंत मी त्यावर विचार केला. पलीकडे काय आहे ते मला ठाऊक नाही, पण त्याची शीव कुठे लागते ते मी दाखवते. माझ्याशिवाय ते कोणाला कळणार? आणि पुन्हा माझी मान ताठ झाली.

मग लेखी परीक्षा झाल्या आणि जून उजाडला. या शाळेत निकालाची एक क्रूर पद्धत आहे. जी मुलं नापास झाली त्यांनाच आधी फोन येतो, तीन वाजेपर्यंत. फोन आला नाही की तुम्ही पास. म्हणजे फोन वाजू नये म्हणून सगळं घर फोनकडे बघत बसतं. आजोबांचं परतीचं विमान दुसऱ्याच दिवशी होतं.

सकाळीच आजोबांनी मला ओढत पुढच्या अंगणात आणलं होतं.

"बाबा, काय हे! बाजारात तुरी..." सुनीती ओरडली.

"मी कुठे लावतोय? उन्हात ठेवतोय फक्त. लाकडाला ऊन लागतं."

मी खिडकीखाली गवतात पडून ऐकत होते. तीन वाजायला थोडाच अवकाश होता आणि फोन वाजला.

एवढी शांतता मी गोठ्यामागेही ऐकली नव्हती. मग सुनीतीचा आवाज आला, "आर्या, उचल बाळा." आणि नंतर आर्याची किंकाळी, "पपा!"

प्रतीक होता. ऑफिसातून. काय झालं म्हणून विचारायला.

"तुला अक्कल आहे का?" सुनीतीने फोन ओढून घेतला. "आत्ता फोन करतात का? ठेव! ठेव आधी!"

पुढची मिनिटं कशी गेली ते मला विचारू नका. तीन वाजले. फोन वाजला नाही. तीन वाजून गेले, तरी वाजला नाही. मग दार धाडकन उघडलं आणि आर्या धावत बाहेर आली ती थेट मागे शेडकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात ते निळं दप्तर होतं, वर्षभराची धूळ खाल्लेलं. सुनीती पदर नसताना पदराने डोळे पुसल्यासारखं करत होती.

मला भिंतीला लावलं. आर्या एका हातात झेंड्याची काठी आणि खांद्यावर दप्तर घेऊन चढू लागली. वरच्या पायरीवर पोचली आणि तिने खाली पाहिलं. आजोबांनी दोन्ही हातांनी मला पकडून ठेवलं होतं. आणि ज्या मुलीने जन्मात कधी मराठीत उत्तर दिलं नव्हतं, ती वरून मराठीत म्हणाली,

"आजोबा, घट्ट धरा हं. मी परत येणार आहे."

"धरलंय गं," आजोबा म्हणाले. "तू जा. मी आहे इथेच."

काठी खोबणीत बसली. झेंडा उलगडला, दप्तर टोकाला झुललं. आर्या उतरली आणि सगळ्यांत आधी आजोबांच्या पाया पडली. तेवढ्यात ट्रूसकाकू बाहेर आल्या. या खेपेला त्या फसणार नव्हत्या. त्यांनी काठीकडे नीट पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि अगदी सावधपणे विचारलं, "आज पुन्हा नवं वर्ष आहे का?"

"हो," आर्या म्हणाली. "माझं."

मित्रांनो, आता मी पुन्हा शेडमध्ये आहे. आजोबा मिरजेला आहेत. ते गेल्यापासून दर महिन्याला आर्या मला जवसाचं तेल लावते आणि त्या वेळी फोनवर त्यांच्याशी मराठीत बोलते. चुकतमाकत, पण बोलते. तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी जुनी शिडी असेल तर तिला कोरड्या जागी ठेवा, पायऱ्या तपासा, तेलपाणी करा. चांगल्या घराण्यातली आहे ती. आणि तुमचं कोणी वर चढत असेल तर दुरून टाळ्या वाजवत बसू नका, जवळ जाऊन शिडी धरा. वर्षभर माझ्या वरच्या पायरीला एक दप्तर लटकत होतं. ती पायरी आता रिकामी आहे.